दीड फूट आत

धाकट्या बहिणीचं घर पाहून मला काहीच वाटलं नाही. आमचं घर त्याच्या दुप्पट आहे. हेवा वाटला तो तिच्या दारासमोरच्या रस्त्याचा, आणि हा हेवा अजून गेलेला नाही.

बहीण हॉलंडमध्ये राहते. मी तिथे फुलं बघायला किंवा पवनचक्कीपुढे उभं राहून फोटो काढायला गेले नव्हते. आईला पोहोचवायला आणि परत आणायला गेले होते. पण माझा धंदाच असा आहे की रस्ता दिसला की नजर जाते. जळगावात एका इंजिनिअरच्या ऑफिसात मी वीसेक वर्षं लेआउटचे नकाशे काढते आहे. कोणी शेठ शेतजमीन घेतो, ती एनए, म्हणजे बिनशेती, करतो, आणि मी तिच्यावर रस्ते आखून प्लॉट पाडते. सगळे प्लॉट बसले की शेवटी ओपन स्पेस दाखवायची. ती सोडावीच लागते, नियम आहे. कुठे सोडायची ते शेठ सांगतो.

“ताई, तो नाल्याकडचा तिकोन तसाही कोणी घेत नाही. तिथे टाका गार्डन.”

मी टाकते. हिरवा रंग भरते, पाच-सहा गोल काढून झाडं दाखवते. नकाशा मंजूर होतो. झाडं नकाशातच राहतात.

आमच्या स्वतःच्या कॉलनीतही असाच एक तिकोन आहे. त्याला आठ फुटी भिंत आहे, लोखंडी गेट आहे आणि गेटला कुलूप आहे. किल्ली कॉलनीच्या अध्यक्षांकडे. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत, सगळे त्यांना आबा म्हणतात. शेजारच्या कॉलनीतली पोरं क्रिकेट खेळायला यायची म्हणून कुलूप लागलं. आता आत कोणीच खेळत नाही. गाजरगवत छातीइतकं वाढतं, वर्षातून एकदा झेंडावंदनासाठी कापतात.

आई जन्मभर धुळ्यात राहिली. आम्ही तिला माय म्हणतो. वडील गेल्यावरही ती गल्लीतल्या त्याच घरात एकटी होती, आणि एकटी आहे असं तिला कधी वाटलं नाही. आम्हाला भाऊ नाही. बहीण लांब, मी पारोळ्यावरून एसटीनं दोन-अडीच तासांवर. सगळं चाललं होतं. मग ती मोरीत घसरली, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी सांगितलं की आता यांना एकटं ठेवू नका. मी तिला जळगावला आणलं.

माझ्याकडे तिला काय कमी होतं? खालची खोली दिली, कमोड बसवला, हाताला धरायला स्टीलचे दांडे लावले. तिनं सगळं बघितलं आणि प्लास्टिकची खुर्ची घेऊन पार्किंगमध्ये जाऊन बसली. आमच्या कंपाउंडची भिंत पाच फूट उंच, वर काचा. गेट पत्र्याचं. गेटच्या फटीतून तिला रस्त्याचा एक उभा तुकडा दिसायचा. त्यातून स्कूट्या जायच्या. उन्हामुळे बायकांनी तोंडाला स्कार्फ बांधलेला, हातमोजे घातलेले, फक्त डोळे उघडे.

“हाई चोरस्नं गाव शे का?” ती तिच्या अहिराणीत मला म्हणाली. “बठ्ठ्या तोंड बांधीसन फिरतस.” बठ्ठ्या म्हणजे सगळ्या.

“ऊन लागतं, माय.”

“ऊन काय धुयाले नई?”

महिनाभरात तिचं जेवण निम्म्यावर आलं. बोलणंही. संध्याकाळी मी ऑफिसातून आले की ती विचारायची, “आज कोन कोन भेटनं?” मी काय सांगणार? मला दिवसभर कॉम्प्युटर भेटतो. एकदा तिनं स्पष्टच सांगितलं, “तुना घरमा बठ्ठं शे. दारमा कोनी नई. आठे माले करमत नई.” तिला धुळ्याला परत जायचं होतं. मला तिला जाऊ द्यायचं नव्हतं. पुन्हा पडली असती तर मी शनिवारशिवाय पोहोचू शकले नसते.

तेवढ्यात बहिणीचा फोन आला. “अक्का, उन्हाळाभर मायला माझ्याकडे आण. तीन महिने राहता येतं. तुलाही बदल.” मला बदल नको होता, पण मायला विमानात एकटं बसवणं शक्य नव्हतं. ऑफिसातून बिनपगारी रजा घेतली आणि गेले.

पहिल्या दिवशी सकाळी मी लवकर उठून बाहेर आले. रस्ता डांबराचा नव्हता, विटांचा होता. फुटपाथ नव्हता. रस्ताही सरळ नव्हता, मुद्दाम वाकवलेला. मध्येच एक झाड, पुढे फुलझाडांचा चौकोन, त्याच्या पुढे खांब. गाडी आली तर तिला माणसासारखं चालावं लागेल अशी सोय. प्रत्येक दाराजवळ एक बाकडं. घरांना कंपाउंड नाही. खिडक्या जमिनीपासून मोठ्या, आणि त्यांना पडदे नाहीत. आत म्हातारी कॉफी पिताना दिसते आणि तिला त्याचं काही वाटत नाही.

माझ्या पर्समध्ये टेप असतोच. रस्त्यावर कोणी नाही असं बघून मी रुंदी मोजली. आमच्या कॉलनीच्या रस्त्याइतकीच भरली. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी राग आला. रुंदी जास्त असती तर म्हणता आलं असतं, त्यांच्याकडे जागा आहे, आपल्याकडे नाही.

“त्या निळ्या पाटीवर काय आहे?” मी बहिणीला विचारलं. पाटीवर घर, मोठा माणूस आणि चेंडू खेळणारं पोर काढलं होतं.

“म्हणजे इथे चालणाऱ्याचा आणि खेळणाऱ्याचा हक्क आधी. गाडी मागून. पूर्वी इथेही गाड्या सुसाट जायच्या म्हणे. लोकांनी भांडून रस्ते असे करून घेतले. याचं नावच आहे राहतं अंगण, आपल्या भाषेत सांगायचं तर.”

“आणि हे सगळं नगरपालिका करते?”

“नगरपालिका करते, पण वस्तीला विचारून. इथे शहराचा विचारच वस्तीवस्तीनं करतात. शाळा, दुकान, डॉक्टर, खेळायची जागा, सगळं पायी जाण्याच्या अंतरात पाहिजे. त्या वस्तीला ब्यूर्त म्हणतात.”

“म्हणजे मोहल्ला.”

“मोहल्लाच. फक्त हे लोक आधी मोहल्ला काढतात, अक्का, आणि मग घरं.”

ती हे सहज बोलून गेली. मला मात्र दिवसभर ते वाक्य कुसळासारखं टोचत होतं. मी आयुष्यभर आधी प्लॉट काढत आले होते.

माय तिथे आठवडाभरात रुळली. समोरच्या घरात एक उंच, निवृत्त गृहस्थ एकटे राहायचे. त्यांच्या बाकड्यावर ऊन जास्त वेळ असायचं. माय काठी टेकत जाऊन तिथे बसली, न विचारता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बहीण माफी मागायला धावली, तर ते गृहस्थ आतून उशी घेऊन आले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, त्यामुळे वाद होण्याचा प्रश्न नव्हता. ती अहिराणीत बोलायची, ते त्यांच्या भाषेत. मध्येच दोघं हसायचे. कशाला हसले ते दोघांनाही माहीत नसायचं.

मग बिबड्यांचा प्रकार झाला. मायनं बॅगेतून ज्वारीचं पीठ नेलं होतं, मला न सांगता. आमच्याकडे उन्हाळ्यात ज्वारीचा घाटा शिजवून त्याचे बिबडे कापडावर थापतात आणि कडक उन्हात वाळवतात. दोन दिवसांत खडखडीत होतात. मायनं हॉलंडमध्ये ऊन बघितलं आणि ठरवून टाकलं.

“माय, हे ऊन दिसायला आहे. याला ताकद नाही,” बहीण म्हणाली.

“ऊन पडेल शे ना? मंग?”

“लोक काय म्हणतील?”

“काय म्हनतीन? मांगतीन.”

तिनं बहिणीची चांगली पांढरी चादर दारासमोर विटांवर अंथरली आणि बिबडे थापले. खेळणारी पोरं सायकली थांबवून बघू लागली. एकानं हातावर घाटा मागितला, मग सगळ्यांनी. तासाभरात ढग आले आणि शिंतोडे पडू लागले. मी आणि बहीण धावेपर्यंत समोरचे गृहस्थ मोठी छत्री घेऊन पोहोचले होते. पलीकडची एक बाई प्लास्टिक घेऊन आली. चौघांनी चादरीची चार टोकं धरली आणि ती मिरवणूक गृहस्थांच्या मागच्या अंगणातल्या काचेच्या घरात गेली. तिथे टोमॅटो होते. टोमॅटोच्या कुंड्या बाजूला सरकवून बिबडे मांडले गेले. वाळायला आठवडा लागला. रोज गल्लीतलं कोणी ना कोणी बिबडे वाळले का ते बघायला यायचं, आणि माय त्यांना बोटानं दाबून दाखवायची: अजून नाही.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. पाच महिने मी तिच्यासाठी दांडे लावले, पथ्याचं केलं, औषधं वेळेवर दिली, आणि ती हसली नव्हती. इथे एक रस्ता तिला हसवत होता. बहिणीनं काय केलं होतं? तिनं फक्त तिथे घर घेतलं होतं.

मी खुसपटं काढायला लागले. रात्री मायला सांगायचे, “तो समोरचा, त्याचा मुलगा वर्षातून दोनदा येतो. इथे शेजाऱ्याकडे चहालाही आधी विचारून जावं लागतं. थंडीत दुपारीच अंधार होतो, मग बघ कोण बसतं बाकड्यावर.” सगळं खरंच होतं. बहिणीनंच सांगितलेलं. माय ऐकून घ्यायची. एकदा म्हणाली, “तू आठे नांदाले उनी शे का? उनी शे ती बस ना गपचूप.” म्हणजे, आली आहेस तर गप बस.

वस्तीचं एक सामायिक घर होतं. शाळा आणि दुकानाच्या मधे, साधं, एक मजली. बुधवारी दुपारी तिथे सूप आणि पाव मिळायचा, म्हातारी माणसं जमायची. एका बुधवारी नगरपालिकेची एक तरुण बाई आली. तिनं सूपाची भांडी बाजूला सारली आणि टेबलावर वस्तीचा नकाशा पसरला. तळ्याकाठच्या मोकळ्या जागेत नवी बाकडी ठेवायची होती, कुठे ठेवायची ते ती विचारायला आली होती. म्हातारे चष्मे लावून वाकले. वाद सुरू झाला. मी मागे उभी होते. नकाशा माझ्याच धंद्याचा, रेषा न् रेष वाचता येत होती. पण माणसांनी नकाशावर वाकून भांडणं मी कधी पाहिलं नव्हतं. आमच्याकडे मंजुरी मिळाल्यावर नकाशा सुरळी होऊन कपाटावर जातो.

त्या बाईनं मायकडे बघितलं आणि काहीतरी विचारलं. बहीण म्हणाली, “माय, ती विचारते, तुम्ही रोज बसता, तर तुमचं मत काय?”

“मी ती पाव्हनी शे.”

“तरी विचारते आहे.”

मायनं नकाशावर बोट ठेवायला सांगितलं: तळं कुठे, रस्ता कुठे. मग म्हणाली, “बाकडं पानीकडे तोंड करीसन नको. पानी काय देखानं? मानसे दखाले पाहिजेत.”

बहिणीनं भाषांतर केलं. म्हातारे हसले, दोघांनी टेबलावर थाप मारली. त्या बाईनं पेन्सिलनं बाकड्याची खूण फिरवून रस्त्याकडे केली. तेवढंच. मी बाहेर येऊन उभी राहिले. वीस वर्षांत मला एकाही माणसानं विचारलं नव्हतं, आणि मीही कोणाला विचारलं नव्हतं, की तुम्ही बसणार कुठे. आणि इथे माझ्याच आईला, तीन महिन्यांच्या पाहुणीला, विचारलं जात होतं. हेवा म्हणजे काय ते मला त्या दारात नीट कळलं.

मुदत संपली. परतताना मायनं विमानात बसल्या बसल्या जाहीर केलं. “मी धुयालेच ऱ्हासू. तुनाकडे नई.”

मी बहिणीच्या रस्त्याला हरले ते समजू शकत होते. पण धुळ्याच्या गल्लीलाही हरायचं? त्या गल्लीत उरलं काय होतं? बहुतेक घरं देवपूरकडे फ्लॅटमध्ये गेलेली. समोरच्यांचा मुलगा नरडाण्याला कारखान्यात लागला आणि आईबापांना घेऊन गेला. दोन घरांची गोडाऊनं झाली. बांगड्यांचा धंदा करणारं एक मुसलमान कुटुंब तेवढं शिल्लक होतं, त्यांची चाची मायची मैत्रीण. मी दिवसरात्र राहायला एक बाई बघून दिली आणि मायला तिथे सोडलं. दर शनिवारी जायचे.

दिवाळीआधीच्या एका शनिवारी मी पोहोचले तर माय नेहमीसारखी ओट्यावर होती आणि ओट्याचा कोपरा तुटलेला होता. गोडाऊनला आलेला टेम्पो मागे घेताना घासला होता. माय जिथे पाय सोडून बसते, त्याच्या वीतभर अलीकडे.

“कधी झालं?”

“बुधवारले.”

“मला फोन का नाही केला?”

“तू काय टेम्पो ढकलनार व्हती?”

चाची दारातून म्हणाली, “बेटा, ले जाओ इनको. हम भी अगले महिने जा रहे हैं. फिर इनसे बात कौन करेगा, टेम्पोवाला?”

मायनं तिच्याकडे रागानं बघितलं. पण नाही म्हणाली नाही. फक्त म्हणाली, “जयगावले मी त्या पत्रामांगे बसाव नई. सांगी ठेवस.” पत्र्यामागे, म्हणजे आमच्या गेटमागे.

मी आधी सरळ मार्गानं गेले. रविवारी कॉलनीची मीटिंग आबांच्या पार्किंगमध्ये भरते. मी विषय मांडला: ओपन स्पेसचं कुलूप काढा, गवत कापा, चार बाकडी ठेवा, रस्त्याकडे तोंड करून.

“हॉलंडवाल्या आल्या,” कोणीतरी मागून म्हणालं.

आबा शांतपणे म्हणाले, “ताई, बाकडं ठेवलं की पोरं बसतील. पोरं बसली की गुटखा खातील. गुटखा खाल्ला की थुंकतील. मग तुम्हीच तक्रार घेऊन याल.”

“म्हातारी माणसं बसतील.”

“म्हातारी घरात बसतात.”

“तुम्ही कुठे बसता, आबा?”

“मी? मी टीव्हीपुढे.”

सगळे हसले. विषय पुढच्या मीटिंगवर ढकलला. पुढच्या मीटिंगचा अर्थ मला कळतो.

म्हणून मी माझ्या हातात होतं ते केलं. आमच्या कंपाउंडची पुढची भिंत पत्र्याच्या गेटसकट पाडली. नवरा म्हणाला, “कुत्री येतील, गायी येतील, चोर येतील.” मी म्हटलं, “आतल्या दाराला कुलूप आहे. आणि गाय आली तर तिला हाकलायला माय आहे.” नवी भिंत गुडघ्याइतकी ठेवली, पण जुन्या जागेवर नाही. जुन्या रेषेपासून दीड फूट आत. सोडलेल्या जागेत भिंतीला लागून ओटा बांधला, वर कडाप्पा बसवला. ओटा संपतो तिथे आमच्या प्लॉटची हद्द संपते. सरकारी रस्त्यात एक इंच नाही. नकाशे काढणाऱ्या बाईनं अतिक्रमण केलं असं मला ऐकायचं नव्हतं.

आमच्या कॉलनीत प्रत्येकानं रॅम्प रस्त्यात काढलाय, कोणी तुळशी वृंदावन बाहेर आणलंय, आबांच्या जिन्याची शेवटची पायरी गटारीवर आहे. माणूस पुढे सरकतो हे सगळ्यांना माहीत. कोणी स्वतःहून मागे सरकेल ही गोष्ट कोणाच्या डोक्यात बसेना. गवंड्यानंही मला तीनदा विचारलं, “ताई, आत? नक्की आत?”

मायला आणलं आणि ओट्यावर बसवलं. पहिले काही दिवस कोणी फिरकलं नाही. ती बसायची, स्कूट्या जायच्या. मला वाटलं, गेलं, भिंतही गेली आणि मायही जाईल.

मग एका सकाळी समोरच्या भाभी आपलं फाटक उघडून आल्या. त्या आमच्यासमोर बारा-तेरा वर्षं राहतात आणि आमचं बोलणं पाण्याच्या टँकरपुरतं. त्या ओट्याच्या कडेला टेकल्या आणि मायला हळूच विचारू लागल्या, “आजी, रस्ता रुंद होणार आहे का?”

मी आत पोळ्या करत होते. सगळं ऐकू येत होतं.

“काय व्हनार शे?”

“नाही, तुमच्या ताई नकाशाच्या ऑफिसात आहेत ना. त्यांनी भिंत आत घेतली. म्हणजे त्यांना आधीच कळलं असेल, मार्किंग येणार म्हणून. आमचा रॅम्प जाईल का हो?”

मी लाटणं खाली ठेवून बाहेर जाणार होते. तसं काही नाही म्हणून सांगणार होते. तेवढ्यात मायचा आवाज आला.

“माले काय माहीत? मनी पोर नकाशा काढस. मी इचारसू तिले. तुम्ही सांजले या.”

मी थांबले. पोळी करपली. धुळ्याची बाई आहे ती, गिऱ्हाईक कसं धरून ठेवायचं तिला शिकवावं लागत नाही.

संध्याकाळी भाभी आल्या, सोबत शेजारच्या वहिनींना घेऊन. मायनं सांगितलं की पोर थकून आली होती, विचारायचं राहिलं, पण बसा. दुसऱ्या दिवशी चौघी आल्या. मग पुरुषही. आबा स्वतः आले, हातात टेप घेऊन, आणि माझ्या नव्या भिंतीपासून ओट्याच्या कडेपर्यंत मोजलं.

“दीड फूट,” ते म्हणाले. “दोन्ही बाजूंनी दीड-दीड फूट घेणार. बरोबर ना, ताई?”

“आबा, कोणी काही घेणार नाही. मायला बसायला केलंय.”

ते माझ्याकडे बघून हसले. “सांगू नका तुम्ही. तुमची नोकरी आहे, मी समजू शकतो.”

मी खरं सांगत होते आणि कोणी विश्वास ठेवत नव्हतं. माय काहीच सांगत नव्हती आणि सगळे तिच्याभोवती बसत होते. एकीला रॅम्पची काळजी, दुसरीला जिन्याची. बोलता बोलता रॅम्प संपायचा आणि सासू निघायची, मुलाचं लग्न निघायचं, भडगावच्या माहेरचं कोणीतरी निघायचं. मायला सगळं पाठ होत गेलं. स्कूटीवरच्या बायका थांबायला लागल्या. थांबल्यावर स्कार्फ सोडावाच लागतो. महिन्याभरात रस्त्याची बातमी शिळी झाली, मार्किंग काही आलं नाही. पण बसायची सवय लागून गेली. शाळेची व्हॅन आता आमच्या ओट्याशीच थांबते, कारण सगळ्या आया तिथेच असतात.

पुढे कुठे राहायचं याबद्दल माय मात्र माझ्यापाशी एक शब्द बोलत नव्हती. धुळ्याला कधी जाणार, की जाणारच नाही, हे मी विचारलं नाही. विचारलं आणि तिनं तारीख सांगितली तर? धुळ्याचं घर कुलूपबंद होतं, चाचीही गेली होती, तरी किल्ली मायच्या कमरेला होती. बहीण फोनवर म्हणायची, “अक्का, माझा फोन ती दोन मिनिटांत ठेवते. म्हणते, मानसे बसेल शेतस.” ते ऐकून मला बरं वाटायचं. ते लपवण्यात अर्थ नाही. तिला दोन मिनिटं तरी मिळतात, मला तेवढीही नाहीत, हे मी बहिणीला सांगितलं नाही.

मागच्या आठवड्यात ऑफिसातून जरा लवकर आले. ओट्यावर पाच-सहा जणी होत्या, माय मधोमध, कोणाच्या तरी लेकराच्या डोक्याला तेल लावत. मी स्कूटी लावली. बसायला जागा शोधली तर जागा नव्हती. कोणी सरकलंही नाही. भाभी बोलता बोलता माझ्याकडे वळल्या.

“बरं केलंत ताई, धुळ्याचं घर द्यायचं ठरवलंत ते. आजी म्हणाल्या, आता मी इथेच. माझ्या भावाच्या ओळखीत गिऱ्हाईक आहे, सांगू का?”

मी मायकडे बघितलं. ती लेकराच्या डोक्यात तेल जिरवत होती.

“हो,” मी भाभींना म्हणाले. “सांगा ना.”

रात्री जेवताना मी विचारलं, “माय, हे भाभींना आधी सांगितलंस? मला नाही?”

“तू घरमा ऱ्हास कव्हय?” ती म्हणाली. “सकायले डबा, सांजले फोन. त्या दिवसभर इचारतस.” मग भाकरीचा तुकडा मोडून म्हणाली, “तूबी बसत जाय ना. भाभीनी सून फार चांगली शे. तिले इचार, ती सांगी तुले मनं बठ्ठं.”

आता मी ऑफिसात सांगून अर्धा तास लवकर निघते. आल्यावर आधी घरात जात नाही. ओट्याच्या टोकाला, जिथे कडाप्पा थोडा अरुंद झालाय, तिथे टेकते, आणि माझ्या आईचं काय चाललंय ते दुसऱ्यांच्या तोंडून ऐकते.